गीतेचा अर्थ आणि अहिंसेचा आधार

ज्या मराठी घरांत वाचनाची थोडीबहुत आवड आहे, तेथील पुस्तकांचें कपाट उघडलें असतां लोकमान्य टिळकांचें जाडजूड 'गीतारहस्य' आणि विनोबांची खिशांत मावणारी 'गीताई' हीं दोन पुस्तकें एकाच फळीवर सांपडण्याचा संभव फार. आमच्या घरीं तीं तशींच होतीं. 'गीतारहस्य' आजोबांचें, वापरून वापरून त्याची बांधणी दोनदां नवी करावी लागली होती. 'गीताई' वडिलांनीं आणलेली, पण ती खरी आईची. दुसऱ्या अध्यायाच्या पानांवर तिच्या बोटांच्या हळदीचे डाग होते. आजोबा म्हणत कीं, गीतेनें अर्जुनास लढावयास सांगितलें, त्यांत अर्थ लावण्यासारखें कांहीं उरलेलें नाहीं. वडील म्हणत कीं, लढावयास सांगितलें हें खरें, परंतु शत्रु कोण हें आधीं ठरवा. हा वाद पाटावर बसतांना सुरू होई आणि आंचवतांना, कोणाचाच पराजय न होतां, थांबे. लहानपणीं आम्हांस वाटे कीं, दोघांपैकीं एकानें गीता लक्षपूर्वक वाचलेली नसावी. पुढें मूळ ग्रंथ आणि त्यावरील आधुनिक विवरणें वाचल्यावर ध्यानांत आलें कीं, दोघांनींहि ती लक्षपूर्वकच वाचलेली होती, आणि म्हणूनच तो वाद मिटत नव्हता.

हा वाद एका घरापुरता नव्हता. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या चळवळींत तो कित्येक वर्षें चालला, आणि त्यांत माणसांचे प्राण गुंतलेले होते. बंगालमधील अनुशीलन समितीचे तरुण गीतेच्या साक्षीनें शपथ घेत असत. साबरमतीच्या आश्रमांतील सत्याग्रही त्याच गीतेंतील स्थितप्रज्ञाचे एकोणीस श्लोक रोज प्रार्थनेंत म्हणत. ज्यांनीं ही प्रार्थना चालू केली त्या गांधीजींची ३० जानेवारी १९४८ रोजीं, प्रार्थनेस जात असतांनाच, हत्या झाली. आणि ज्यानें ती केली तो नथुराम गोडसे १५ नोव्हेंबर १९४९ रोजीं अंबाल्याच्या तुरुंगांत हातीं गीता घेऊन फांसावर चढला. मारणारा आणि मरणारा या दोघांचाहि आधारग्रंथ एकच असावा, ही गोष्ट दैवाची थट्टा म्हणून सोडून देण्यासारखी नाहीं. ग्रंथाचा अर्थ लावणें हें केवळ पंडितांचें काम नसून त्यांतून समाजाचें आचरण घडतें किंवा बिघडतें, हें एवढ्या स्पष्टपणें दाखविणारें दुसरें उदाहरण आमच्या इतिहासांत क्वचितच सांपडेल.

म्हणून टिळक, गांधी आणि विनोबा या तिघांचीं गीतेवरील विवरणें एकत्र ठेवून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. यांत थोर कोण, हा प्रश्न आम्ही विचारीत नाहीं. मूळ श्लोकापासून आपल्या निष्कर्षापर्यंत प्रत्येक जण कोणत्या वाटेनें जातो, आणि त्या वाटेंत कोठें पूल आहे व कोठें उडी आहे, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

प्रथम 'गीतारहस्य'. १९०८ सालीं मुजफ्फरपूरच्या बाँबप्रकरणानंतर 'केसरी'त लिहिलेल्या लेखांबद्दल टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांस मंडालेच्या तुरुंगांत ठेवण्यांत आलें. तेथें १९१०–११ च्या हिंवाळ्यांत, अवघ्या पांच महिन्यांत, त्यांनीं हा ग्रंथ शिसपेन्सिलीनें लिहून काढला. १९१४ सालीं सुटका झाल्यावर हस्तलिखित सरकारकडून परत मिळालें आणि १९१५ सालीं तें छापून प्रसिद्ध झालें. ग्रंथाचें दुसरें नांव 'कर्मयोगशास्त्र' असें आहे, आणि तेंच त्याचें खरें नांव होय. गीतेचा शेवट संन्यासांत होतो असें आचार्यपरंपरेनें शतकानुशतकें सांगितलें होतें. टिळकांनीं तो लोकसंग्रहासाठीं निष्काम बुद्धीनें केलेल्या कर्मांत होतो असें सिद्ध करून दाखविलें. त्यांची लेखनपद्धति वर्तमानपत्रांतील कसलेल्या वादपटूची आहे. प्रतिपक्षाचें म्हणणें ते प्रथम पूर्ण बळानिशीं मांडतात आणि मग त्यास एकेक पायरी मागें रेटतात. मिल, स्पेन्सर, कांट यांस ते मनु आणि व्यास यांच्या शेजारीं बसवितात, आणि वाचकास त्यांत कृत्रिम कांहीं वाटत नाहीं.

ग्रंथाचें तात्पर्य ठरविण्यासाठीं मीमांसकांनीं सांगितलेल्या कसोट्या टिळकांनीं पहिल्याच प्रकरणांत घेतल्या आहेत: ग्रंथाचा आरंभ व शेवट काय, त्यांत पुनःपुन्हां काय सांगितलें आहे, नवें काय आहे, फळ काय झालें, इत्यादि. या कसोट्या अहिंसेच्या प्रश्नास लावून पाहिल्या तर निकाल उघड आहे. गीतेच्या आरंभीं अर्जुन धनुष्य टाकून बसतो. शेवटीं तो संशयरहित होऊन उठतो. मधल्या अध्यायांत लढण्याची आज्ञा दुसऱ्या, तिसऱ्या, आठव्या आणि अकराव्या अध्यायांत आलेली आहे. उलट 'अहिंसा' हा शब्द सातशें श्लोकांत केवळ चार वेळां येतो: दहाव्या, तेराव्या, सोळाव्या आणि सतराव्या अध्यायांत, आणि चारहि ठिकाणीं तो इतर सद्गुणांच्या यादींतील एक म्हणून येतो. आजोबांचें म्हणणें शब्दाला धरून होतें, हें आम्हीं कबूल केलेंच पाहिजे.

अहिंसा हा सामान्य धर्म होय, परंतु आततायी अंगावर आला असतां तो धर्म अपवाद मान्य करतो, असें टिळक 'कर्मजिज्ञासा' प्रकरणांत सांगतात. पुढें 'सिद्धावस्था व व्यवहार' या प्रकरणांत ते अधिक सूक्ष्म भेद करतात. निर्वैर असणें म्हणजे प्रतिकारच न करणें असें नव्हे. ज्ञानी पुरुषाच्या मनांत वैर नसतें, तथापि अपूर्ण समाजांत राहून दुष्टाचा बंदोबस्त करणें त्यास सुटत नाहीं. हें विवेचन आम्हांस तर्कदृष्ट्या निर्दोष वाटतें. त्याचा कमकुवत सांधा दुसरीकडे आहे. ज्याची बुद्धि सम झाली आहे, ज्यास स्वतःचा कोणताहि लोभ अगर द्वेष उरलेला नाहीं, त्यानेंच अपवाद केव्हां करावा हें ठरवावें, अशी टिळकांची अट आहे. पण असा पुरुष लाखांत एक. नियम लिहिला स्थितप्रज्ञासाठीं, आणि तो वाचला चहाच्या पेल्याबरोबर वर्तमानपत्र वाचणाऱ्या सर्वांनीं. अट मागें पडली आणि अपवाद तेवढा घरोघर पोंचला. समोरचा मनुष्य आततायी आहे हें ज्यानें मनाशीं ठरविलें, त्यास स्वतःची बुद्धि सम आहे असेंहि ठरविणें फारसें अवघड जात नाहीं. गोडशाच्या हातांतील गीतेचा विचार करतांना या सांध्याकडे दुर्लक्ष करतां येणार नाहीं. त्याचा दोष टिळकांच्या माथीं मारणें मात्र सरळसरळ अन्याय होईल. ज्यानें अट सांगितली त्यास, अट मोडणाऱ्याबद्दल जबाबदार धरतां येत नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. टिळकांच्या ग्रंथांत शस्त्राला जागा आहे, परंतु टिळकांच्या चरित्रांत शस्त्र नाहीं. स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण, लेख, व्याख्यान, आणि शिक्षा झाली असतां ती ताठ मानेनें भोगणें, हीं त्यांचीं साधनें होतीं. त्यांच्या ग्रंथापेक्षां त्यांचें आयुष्य पुढें येणाऱ्या सत्याग्रहाच्या अधिक जवळ आहे, असें आमचें मत आहे.

या दोन दृष्टींची गांठ १९२० च्या जानेवारींत 'यंग इंडिया'च्या पानांवर पडली. राजकारण हें साधूंचें काम नसून संसारी लोकांचें आहे, आणि त्यांत क्रोधास अक्रोधानें जिंकण्याच्या बुद्धाच्या उपदेशापेक्षां, जो जसा येईल त्याशीं तसें वागण्याचा गीतेच्या चौथ्या अध्यायांतील श्लोक अधिक उपयोगी आहे, असें टिळकांनीं कळविलें. गांधीजींनीं उत्तर दिलें कीं, या दोन वचनांत विरोध नाहींच, आणि शठाशींहि सत्यानेंच वागणें हा आपला नियम आहे. त्याच वर्षीं १ ऑगस्टला टिळक वारले, आणि त्याच दिवशीं असहकारितेची चळवळ सुरू झाली. वाद अपुरा राहिला. पुढील तीस वर्षें तो लोकांनीं आपआपसांत चालविला.

गांधीजींनीं गीता प्रथम वाचली ती १८८९ च्या सुमारास लंडनमध्यें, आणि तीहि एडविन अर्नोल्डच्या इंग्रजी पद्यांत. दोन थिऑसफिस्ट बंधूंनीं बरोबर वाचण्याचा आग्रह केला, तेव्हां स्वतःचा ग्रंथ आपण वाचलेला नाहीं याची त्यांस लाज वाटली. पुढें चाळीस वर्षांनीं त्यांनीं तिचा गुजराती अनुवाद केला. त्याची प्रस्तावना जून १९२९ मध्यें हिमालयांतील कौसानी येथें लिहिलेली आहे, आणि 'अनासक्तियोग' या नांवानें तो प्रसिद्ध झाला १२ मार्च १९३० रोजीं, म्हणजे ज्या दिवशीं ते मीठ उचलण्यासाठीं साबरमतीहून दांडीस निघाले त्याच दिवशीं. फारसें न शिकलेल्या स्त्रिया, वैश्य व शूद्र यांच्यासाठीं आपण हा अनुवाद केला, असें ते सांगतात. टीपा त्रोटक आहेत, पांडित्याचा आव नाहीं. ग्रंथाचें सारें महत्त्व प्रस्तावनेंत आहे.

त्या प्रस्तावनेंत गांधीजी एक कबुली देतात, आणि ती त्यांच्या अनुयायांनीं जितकी सांगावयास हवी होती तितकी सांगितलेली नाहीं. गीता अहिंसेचें प्रतिपादन करण्यासाठीं लिहिली गेली नाहीं, आणि अक्षरार्थ धरला तर फलत्याग व युद्ध यांची संगति लावतां येते, हें ते मान्य करतात. मग ते म्हणतात कीं, गीतेची शिकवण चाळीस वर्षें आचरणांत आणण्याचा अखंड प्रयत्न केल्यावर आपणांस असें आढळलें कीं, अहिंसेचें पूर्ण पालन झाल्यावांचून कर्मफलाचा पूर्ण त्याग शक्यच नाहीं. हिंसेच्या मुळाशीं कांहींतरी मिळविण्याची इच्छा असते. इच्छा गेली कीं हिंसेस जागा उरत नाहीं. शिवाय गीतेनें स्वतःच 'यज्ञ' शब्दाचा अर्थ वाढविलेला आहे. चौथ्या अध्यायांत द्रव्ययज्ञापासून ज्ञानयज्ञापर्यंत तो किती बदलतो तें पाहावें. जो ग्रंथ जुन्या शब्दांस नवा अर्थ देतो, त्याच्या शब्दांस पुढील पिढीनें नवा अर्थ दिला तर ती त्या ग्रंथाचीच रीत झाली.

ही उडी आहे, पूल नव्हे. परंतु उडी मारणारा उडी मारतों असें सांगूनच मारतो, आणि येथेंच आम्हांस या छोट्या पुस्तकाचें सामर्थ्य दिसतें. टिळकांचा पुरावा ग्रंथांतील आहे, गांधीजींचा आचरणांतील आहे. ग्रंथांतील पुरावा वाचून तपासतां येतो. आचरणांतील पुरावा आचरण केल्यानेंच तपासला जातो. २१ मे १९३० रोजीं धारासण्याच्या मिठागरावर सरोजिनी नायडू, इमामसाहेब आणि मणिलाल गांधी यांच्या मागोमाग स्वयंसेवकांच्या रांगा पुढें गेल्या, लाठ्यांचे आघात डोक्यावर घेत कोसळल्या, आणि कोणीं हात उचलला नाहीं. त्या दिवशीं मिठागर हातीं आलें नाहीं. दुसऱ्या वर्षीं आयर्विनशीं करार झाला तेव्हां किनाऱ्यावरील लोकांस घरापुरतें मीठ करण्याची मुभा मिळाली, इतकेंच. कर्मावर अधिकार आणि फळावर नाहीं, या वचनाचा अर्थ आम्हांस एखाद्या भाष्यापेक्षां त्या रांगांत अधिक स्वच्छ दिसतो.

गांधीजींच्या दुसऱ्या मुद्याविषयीं मात्र आमची शंका आहे. कुरुक्षेत्र म्हणजे मनुष्याचें हृदय, आणि कौरव-पांडव म्हणजे त्यांतील असत् व सत् वृत्ति, असें रूपक ते मानतात. हें रूपक पहिल्या अध्यायांतच अडखळतें. शत्रुपक्षांत भीष्म आहेत, द्रोण आहेत. ज्यांच्या पायां पडावें अशीं तीं माणसें आहेत. त्यांस दुर्वृत्ति कसें म्हणावें? पण गंमत अशी कीं, याच अडचणींतून गांधीजींनीं आपल्या राजकारणाचें सर्वांत खोल सूत्र काढलें. १९२६ सालीं साबरमतीच्या आश्रमांत त्यांनीं गीतेवर प्रवचनें केलीं, त्यांत ते म्हणतात कीं, दुष्टता स्वतःच्या बळावर कधींच उभी राहूं शकत नाहीं. तिला सज्जनांचा आधार लागतो. दुर्योधन टिकला तो भीष्म-द्रोणांमुळें. असहकारितेचें तत्त्व हेंच. सरकार टिकतें तें त्याच्या दुष्टपणावर नव्हे; त्याच्या कचेरींत प्रामाणिकपणें काम करणारे कारकून, न्यायाधीश आणि शिपाई यांच्यावर टिकतें. ज्यांचे आजोबा-पणजोबा सरकारी नोकरींत होते अशा आमच्या वाचकांस हें वाचून थोडें अवघडल्यासारखें होईल, आम्हांसहि झालें. रूपक म्हणून जें डळमळीत आहे, तें राजनीति म्हणून इतकें अचूक ठरावें, हें नवल आहे.

अहिंसेचा विचार आमच्या भाषेंत नवा नव्हता, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे. ज्ञानेश्वरींत तेराव्या अध्यायांतील त्या एका शब्दावर ज्ञानेश्वर थांबतात आणि पुष्कळ ओंव्या खर्ची घालतात. यज्ञासाठीं पशु मारून अहिंसा साधूं पाहणाऱ्यांची गोष्ट ते झाडाच्या फांद्या तोडून त्याच झाडाच्या बुंध्याला कुंपण घालण्यासारखी मानतात. एका जिवास वांचविण्यासाठीं दुसऱ्याचा नाश करणाऱ्या औषधोपचारासहि ते सोडीत नाहींत. मात्र ही अहिंसा पाऊल हलकें टाकणाऱ्या, दृष्टि कोमल ठेवणाऱ्या एका साधकाची आहे. ती राजसत्तेसमोर उभी राहत नाहीं. गांधीजींनीं संतांच्या अंगणांतील हें रोप उचलून रस्त्यावर लावलें, असें म्हटल्यास चूक होणार नाहीं.

आतां विनोबा. त्यांच्या आईस संस्कृत येत नव्हतें. वामनपंडितांची समश्लोकी गीता त्यांनीं आणून दिली, तीहि तिला कठीण वाटली, आणि तूंच कां करीत नाहींस, असें ती म्हणाली. १९१८ सालीं ती वारली. 'गीताई' लिहिली गेली १९३०–३१ मध्यें वर्ध्यास, आणि छापून निघाली १९३२ मध्यें, विनोबा धुळ्याच्या तुरुंगांत असतांना. त्याच तुरुंगांत २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या अवधींत दर रविवारीं एक याप्रमाणें त्यांनीं अठरा अध्यायांवर अठरा प्रवचनें दिलीं, आणि तीं साने गुरुजींनीं उतरून घेतलीं. 'गीता प्रवचनें' हें पुस्तक अशा रीतीनें एकाच्या तोंडून आणि दुसऱ्याच्या हातून जन्मलें. 'गीतारहस्या'ची वाक्यें बांधीव आहेत. येथील वाक्यें बोललेलीं आहेत. दृष्टांत शेतांतले, स्वयंपाकघरांतले, लहान मुलांच्या खेळांतले. आमच्या आईस प्रस्थानत्रयीचें नांवहि ठाऊक नव्हतें, पण हें पुस्तक तिनें कोणाची मदत न घेतां दोनदां वाचलें.

अहिंसेच्या प्रश्नावर विनोबा तिसरीच वाट धरतात. अर्जुन लढावयास नकार देतो तो अहिंसेमुळें नव्हे, असें ते पहिल्याच प्रवचनांत दाखवितात. त्यानें पूर्वीं अनेक लढाया केल्या, अनेकांस मारलें. तेव्हां त्यास दया आली नाहीं. समोर आप्त दिसतांच मात्र त्यास युद्धाचे दोष आठवूं लागले. शेकडो अपराध्यांस फांशीची शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशासमोर स्वतःचा मुलगा आरोपी म्हणून उभा राहतो, आणि त्यास एकाएकीं फांशीची शिक्षा अमानुष वाटूं लागते. अर्जुनाचें तसेंच झालें. गीतेचें उत्तर त्याच्या मोहास आहे. युद्ध चांगलें कीं वाईट, हा तिचा विषयच नव्हे. अशा रीतीनें टिळकांचा शब्दार्थहि राहतो आणि गांधीजींच्या अहिंसेसहि बाध येत नाहीं.

हें विवेचन फार सुंदर आहे, आणि निरूपण म्हणून आम्हीं त्यास तिघांत पहिली जागा देऊं. तथापि त्यानें एक प्रश्न मागें ठेवला. ज्याचा नकार मोहांतून आलेला नाहीं, जो परक्याविरुद्धहि शस्त्र उचलण्यास नाकारतो, त्यास गीता काय सांगेल? हा प्रश्न काल्पनिक नाहीं. एप्रिल १९३० मध्यें पेशावरच्या किस्साखानी बाजारांत निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला. त्या जमावांत खान अब्दुल गफारखान यांचे खुदाई खिदमतगार होते. त्याच दिवसांत गढवाली पलटणींतील कांहीं शिपायांनीं गोळी झाडण्यास नकार दिला. त्यांचे पुढारी चंद्रसिंग गढवाली यांस जन्मठेप झाली. हे शिपाई गढवालचे हिंदु, समोरचे लोक सरहद्दीवरचे मुसलमान पठाण. ना नातें, ना भाषा, ना धर्म एक. येथें स्वजनांचा मोह नव्हता. क्षत्रियाचा स्वधर्म लढण्याचा, शिपायाचा स्वधर्म हुकूम पाळण्याचा, हा हिशेब येथें लावला तर चंद्रसिंग दोषी ठरतो. आणि कोणत्याहि विचारी मनुष्याचें मन तसें म्हणावयास तयार होत नाहीं. भीष्म-द्रोणांनीं जें केलें नाहीं तें त्या शिपायांनीं केलें. या ठिकाणीं आम्हांस गीतेच्या अक्षरांपेक्षां गांधीजींची उडी अधिक खरी वाटते.

याच स्वधर्माच्या प्रश्नावर आणखी एका वाचकाचें म्हणणें ऐकल्यावांचून हें परीक्षण पुरें होणार नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा गीतेवरील निबंध त्यांच्या हयातींत छापला गेला नाहीं. १९८७ सालीं तो त्यांच्या समग्र लेखनाच्या तिसऱ्या खंडांत आला. त्यांचा आक्षेप मुळावरच आहे. गीतेंतील 'कर्म' म्हणजे सामान्य कृति नसून वैदिक कर्मकांड होय, टिळकांनीं केलेला व्यापक अर्थ तिला मानवत नाहीं. आणि चातुर्वर्ण्यास तत्त्वज्ञानाचा आधार मिळवून देणें हें तिचें कार्य आहे, असें ते प्रतिपादन करतात. कर्माच्या अर्थाविषयीं आम्हांस त्यांचें म्हणणें सर्वस्वीं पटत नाहीं. तिसऱ्या अध्यायांतील कर्म शरीरधारणेपर्यंत पसरलेलें आहे. परंतु चौथ्या आणि अठराव्या अध्यायांतील वर्णविभागाचे श्लोक तेथें आहेत, आणि त्यांच्यापुढून टिळक, गांधी व विनोबा हे तिघेहि थोड्या घाईनें पुढें जातात, हें नाकारतां येत नाहीं. गांधीजींनीं तर अस्पृश्यतेशीं झुंज घेत असतांनाहि वर्णव्यवस्थेचें समर्थन दीर्घकाळ केलें.

आणि ज्यांनीं हा आक्षेप घेतला त्यांनीं शस्त्र हातीं घेतलें नव्हतें. २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी हजारो लोक शिस्तीनें प्याले. २ मार्च १९३० रोजीं, म्हणजे दांडीयात्रेच्या दहा दिवस आधीं, नाशिकच्या काळाराम मंदिरापुढें सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढें कित्येक वर्षें चालला. सरकारच्या मिठाच्या कायद्यापुढें गीता म्हणत उभे राहिलेल्या समाजापैकीं कितीकांनीं त्या दारापाशीं दार उघडण्याच्या बाजूनें उभें राहावें असें ठरविलें? उत्तर आपणांस ठाऊक आहे, आणि तें अभिमानाचें नाहीं. साने गुरुजींनीं मे १९४७ मध्यें पंढरपूरचें विठ्ठलमंदिर सर्वांस खुलें व्हावें म्हणून प्राणांतिक उपोषण केलें आणि तें दहा दिवसांनीं सफल झालें. धुळ्यास प्रवचनें उतरून घेणारा हात तो हाच, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. ऐकलेल्या गीतेचा त्यांनीं लावलेला अर्थ तो असा.

तर मग अहिंसेस गीतेचा आधार आहे कीं नाहीं? आमचा निर्णय आम्ही थोडक्यांत सांगतों. अक्षरार्थ पाहतां नाहीं. तेथें टिळकांचें म्हणणें बरोबर आहे आणि गांधीजींनीं तें स्वतः मान्य केलें आहे. ज्यांनीं पुढें ही कबुली झांकून गीतेच्या प्रत्येक श्लोकांतून अहिंसा पिळून काढण्याचा खटाटोप केला, त्यांनीं अहिंसेचीहि सेवा केली नाहीं आणि गीतेचीहि नाहीं. पण अहिंसेस गीतेच्या आधाराची गरज होती, हेंहि खरें नाहीं. गफारखानांचे पठाण गीता वाचून अहिंसक झाले नव्हते. त्यांनीं आपल्या धर्मांतून तोच मार्ग काढला. तीन भिन्न दारांनीं, गीतेच्या, कुराणाच्या आणि महाडच्या तळ्याच्या पायऱ्यांवरून, माणसें एकाच ठिकाणीं पोंचलीं. यावरून तें ठिकाण कोणा एका ग्रंथाच्या मालकीचें नाहीं, एवढें ठरतें.

गीतेपासून त्या माणसांस मिळालें तें दुसरेंच कांहीं होतें. फळाची खात्री नसतांना काम करीत राहण्याचें धैर्य, आणि मार खातांना मन कडू न होऊं देण्याची शिस्त, ही देणगी टिळकांस मंडालेंत मिळाली, विनोबांस धुळ्यास मिळाली, आणि धारासण्याच्या रांगांतहि तीच दिसली. शस्त्र घ्यावें कीं न घ्यावें हें ज्याचें त्यानें आपल्या विवेकानें ठरवावें लागतें. तो निर्णय ग्रंथावर ढकलणारा मनुष्य ग्रंथास पुढें करून स्वतः मागें लपतो. १९४८ च्या जानेवारींत झालें तें हेंच. ग्रंथाविषयीं आदर बाळगूनहि, आपल्या कृत्याची जबाबदारी त्यावर न टाकणें, हें या सर्व वादांतून सुशिक्षित कुटुंबांनीं घ्यावयाचें सार आहे, असें आम्हांस वाटतें.

आमच्या कपाटांत आतां आजोबांचें 'गीतारहस्य', आईची 'गीताई' आणि आंबेडकरांचा तो तिसरा खंड एकाच फळीवर आहेत. तिसरें पुस्तक आम्हीं मागाहून ठेविलें. घरांतील मुलांनीं गीता वाचावयास घेतली तर तिन्ही एकत्र काढून द्यावींत, असें आम्ही ठरविलें आहे. वाद होईल, पण तो पूर्वींच्यापेक्षां अधिक प्रामाणिक होईल.